आवाजाला नावं ठेवणारी माणसं

घुर्रर्र करून फ्रिज सुरू झाला आणि अकरा मिनिटांची शांतता मोडली.

"फ्रिज," भावजी म्हणाले. कोर्टात साक्ष द्यावी तशा आवाजात.

कोणी हसलं नाही. टीपॉयवर ठेवलेल्या रेकॉर्डरचा लाल दिवा लुकलुकत होता आणि त्याच्याभोवती चार मोठी माणसं देव पाण्यात घालून बसल्यासारखी बसली होती. भर दुपार होती. ऊन खिडकीतून थेट सोफ्यावर येऊन पसरलं होतं. मिनिटभराने कुणाच्या तरी पोटात गुडगुडलं.

"पोट. माझं," लिफ्टवाला ओशाळून म्हणाला.

"वेळ?" बाईंनी विचारलं.

"तीन एकवीस."

बाईंनी वहीत लिहिलं: ३.२१, पोट, सदस्याचे.

या घराच्या सुनेने, म्हणजे तिने, खालचा ओठ दातांत धरला. तिच्या मांडीवर तिची साडेचार वर्षांची लेक भिंगरी झोपली होती, म्हणून तिला उठून आत जाऊन हसण्याचीही सोय नव्हती. घरात भूत आहे की नाही ते शोधायला आलेली ही मंडळी गेला पाऊण तास फक्त स्वतःचे आवाज शोधत होती. खोकला, गुडघा, खुर्ची, पुन्हा खोकला. भूत आलंच असतं तर एवढी हजेरी ऐकून दारातूनच परत गेलं असतं.

तेवढ्यात भिंगरी झोपेतच शिंकली, डोळे किलकिले करून म्हणाली, "शिंक. माझी," आणि परत झोपली.

"वा!" बाई म्हणाल्या. मग रेकॉर्डरकडे बघून, "वा. माझं."

मंडळाचं नाव होतं 'अज्ञात आवाज अभ्यास मंडळ'. संस्थापक तिचे धाकटे दीर. भावजी चष्म्याच्या दुकानात कामाला होते. आठवडाभर लोकांना "आता दिसतंय का?" विचारायचं आणि सुट्टीच्या दिवशी जे दिसत नाही त्याच्या मागे लागायचं, असा त्यांचा संसार. प्रमुख होत्या बाई. त्या गाडी चालवायला शिकवत. वीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून, आपल्या पायाखालच्या दुसऱ्या ब्रेकवर त्यांनी अर्ध्या गावाचा जीव वाचवला होता. मंडळातही त्यांचं काम तेच. कोणी "मला काहीतरी जाणवतंय" असं म्हणत सुटला की बाईंचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई.

आणि तिसरा हा लिफ्ट दुरुस्त करणारा. मंडळातला सगळ्यांत दुःखी सदस्य. त्याला मनापासून, अगदी लहानपणापासून, भूत बघायचं होतं. आणि प्रत्येक घरात आवाजाचं कारण नेमकं तोच शोधून काढायचा. पाइपातली हवा, पंख्याचा सैल स्क्रू, पत्र्यावर चालणारं कबुतर. चार वर्षांत त्याने नऊ भुतं स्वतःच्या हाताने पाना फिरवून मारली होती.

आठवड्यापूर्वी भावजींनी नियमावली आणून तिच्या हातात दिली होती. चार छापील पानं. घरमालकाची लेखी परवानगी. कोणाच्याही दुःखाचा तमाशा करू नये. आधी पाइप, मग भूत. फोटो काढून मित्रांना पाठवू नयेत. ती घरी बसून मुद्रितशोधनाचं काम करायची, छापखान्यातून येणाऱ्या पुस्तकांतल्या चुका लाल पेनने काढायची. त्यामुळे हातात छापील कागद आला की पेन आपोआप उघडायचं.

"भावजी, 'भूताचा अपमान करू नये' म्हणता, आणि 'भूताचा'तला भू दीर्घ? 'भुताचा' असं हवं, ऱ्हस्व. अपमान तर तुम्ही नियमातच करून ठेवलाय."

"वहिनी, तू आशय बघ ना."

"आशय बघते. 'स्वतःकडून झालेल्या प्रत्येक आवाजाला तात्काळ नाव ठेवावे.' तात्काळ नव्हे, तत्काळ. आणि नाव द्यावे म्हणा. नावं ठेवायला या घरात ताई आहेत."

ताई म्हणजे भावजींची आणि तिच्या नवऱ्याची मोठी बहीण. तोंडावर ताई, मनात ती त्यांना जुन्या थाटात 'वन्सं' म्हणायची, कारण त्या शब्दात एक भुवई आपोआप वर जाते. वन्सं दातांच्या डॉक्टर होत्या. समोरच्याच्या तोंडात चार हत्यारं असताना त्याच्याशी गप्पा मारायची त्यांना वर्षानुवर्षांची सवय. त्यामुळे माणसं उत्तरंही देतात, ही गोष्ट त्या कधीच विसरून गेल्या होत्या.

हे सगळं प्रकरण सुरू झालं होतं ते तीन टिचक्यांवरून.

सासूबाई जाऊन सात महिने झाले होते. त्या चहा केला की कपात साखर वरून घालत, ढवळत, आणि मग चमचा कपाच्या काठावर तीनदा वाजवत. टिंग, टिंग, टिंग. कुणाला वाटेल, चमचा झटकतायत. तसं नव्हतं. ती हाक होती. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याला चहासाठी तोंडाने कधी हाक मारलीच नाही. टिंग टिंग टिंग झालं की मागच्या खोलीत बाबा उठत, आरशासमोर उभे राहून भांग पाडत आणि स्वयंपाकघरात येऊन बसत. पन्नास पावलांच्या घरात बायकोच्या चहाला भांग पाडून येणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता.

आणि आता, सात महिन्यांनी, बाबा म्हणत होते की टिचक्या पुन्हा ऐकू येतात. दुपारी पावणेचारच्या सुमाराला. रविवार सोडून.

"रविवारी भुताला सुट्टी असते वाटतं," तिचा नवरा म्हणाला होता. पण आईचा विषय होता, म्हणून एवढ्यावरच थांबला आणि बूट घालून कामावर गेला.

बाबांनी उभी हयात रेडिओ दुरुस्त केले होते. "खरखर कुठली आणि गाणं कुठलं, हे मला कळतं," असं ते म्हणत, आणि ते खरं होतं. बंद खोलीतून, पावलांवरून, ते कोण आलं ते सांगायचे. गुडघे गेले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू होता, पण कान ही त्यांची उरलेली इस्टेट होती.

त्या इस्टेटीवरच वन्संनी बोट ठेवलं. "बाबांना भास होतायत. या वयात होतं. मी त्यांना माझ्याकडे नेते. लिफ्ट आहे, मदतनीस आहे, बाल्कनी आहे."

"मी तिला एकटीला टाकून येऊ?" बाबांनी विचारलं होतं. वन्सं त्या दिवशी कुणाच्या तोंडात हात घालून बसलेल्या नव्हत्या, म्हणून बाबा पटकन बोलून गेले. "ती इथे नाही, हे मला पटवून दे. मग कुठेही ने."

तेव्हा भावजी पुढे सरसावले होते, "आमचं मंडळ आहे की!"

वन्सं लगेच तयार झाल्या. तयार का होणार नाहीत? आवाज सापडला नाही तर बाबांना भास. सापडला आणि पाइप निघाला, तर आई इथे नाही. छापाही त्यांचा आणि काटाही त्यांचाच.

तिला मात्र बाबा जायला नको होते. खोटं कशाला बोला, त्यात थोडा तिचाही स्वार्थ होता. दुपारी भिंगरी एरवी बाबांच्या कुशीत झोपायची, जुन्या रेडिओच्या पोटात काय काय असतं ते ऐकत. आणि त्या तासाभरात ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आपली प्रुफं आणि आपला एक कप चहा घेऊन बसायची. दिवसातला तेवढाच तास तिचा स्वतःचा. बाकीचा दिवस कुणाच्या तरी बुटांची नाडी बांधण्यात जायचा. पण स्वार्थ बाजूला ठेवला तरी तिला दिसत होतं, की सवा चार वाजता ती बाबांचा चहा घेऊन मागच्या खोलीत जाते तेव्हा ते पलंगाच्या कडेला ताठ बसलेले असतात. नीट भांग पाडून. बोलावणं आलेल्या माणसासारखे.

"स्वयंपाकघरात का येत नाही, बाबा?"

"आलो आणि ती नसली तर?" ते म्हणत. "तू ऐकलंस का गं काही?"

"नाही, बाबा." आणि ते खरंच होतं. तिने काही ऐकलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती, जी तिने कुणालाच सांगितली नव्हती. त्या टिचक्यांनी घरातला एकही कप धड राहिला नव्हता. प्रत्येकाच्या काठाला, कानाच्या उजवीकडे, एकाच जागी टवका. सहा वर्षं तिने ते सहन केलं, आणि एका दुपारी, भिंगरीला नुकतंच थोपटून झोपवलेलं असताना, ती बोलून गेली, "आई, जरा हळू. कप फुटेल, आणि पोर उठेल." दुसऱ्या दिवसापासून सासूबाई चमचा हळूच बशीत ठेवायला लागल्या आणि बाबांना बोलवायला स्वतः उठून मागच्या खोलीत जाऊ लागल्या, भिंतीला धरून. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं.

पहिल्या बैठकीत काहीच ऐकू आलं नाही. साडेचार वाजता बाबा मागच्या खोलीतून आले. केस विस्कटलेलेच होते.

"आज नाही आली," ते म्हणाले. "घरात एवढी माणसं. तिला लोकांसमोर चमचा वाजवायला लाज वाटायची."

भावजींनी मान डोलावली आणि पेन उचललं. बाईंचा पाय जमिनीवर दाबला गेला.

"काका, आम्ही अर्थ लावत नाही हं. आवाज झाला नाही, एवढंच लिहितो."

लिफ्टवाल्याने तोवर नळ, पाइप, खिडक्या, गॅसची शेगडी आणि वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाचं शिवणयंत्र तपासलं होतं. कशातूनही टिंग असा आवाज येत नव्हता. त्याच्या डोळ्यांत आशा दिसायला लागली होती. बिचारा.

मग असं ठरलं, की मंडळाने जायचं आणि रेकॉर्डर दोन दिवस स्वयंपाकघरात सोडायचा. "तुम्ही रोजच्यासारख्याच वागा," बाईंनी तिला बजावलं. "फक्त प्रत्येक आवाजाला नाव द्या. आपलं काय आहे ते बाजूला काढलं, की उरेल ते बघता येतं."

"आजोबांची ढेकर!" भिंगरी मागून ओरडली.

"नाही बाळ. दुसऱ्याच्या आवाजाला आपण नाव द्यायचं नाही. नियम नववा. ज्याचा आवाज, त्यानेच नाव द्यायचं."

भिंगरीने हा नियम ऐकला आणि त्याचा फक्त दुसरा अर्धा भाग लक्षात ठेवला. दोन दिवस घरात नुसता उच्छाद. "दार, माझं! उडी, माझी! भोकाड, माझं!" नवरा संध्याकाळी आला तो उंबऱ्यातूनच "चप्पल, माझी" म्हणत. आणि ती? चार बुकं शिकलेली, व्याकरणाची पक्की बाई, रिकाम्या स्वयंपाकघरात एका यंत्रासमोर उभी राहून म्हणत होती, "नळ, माझा. पातेलं, माझं. उसासा, तोही माझाच."

तिसऱ्या दिवशी चारच्या पुढे मंडळ आलं. सहाला वन्सं येणार होत्या, अहवाल ऐकायला. बाबा मागच्या खोलीत होते. भिंगरी त्यांच्याजवळ झोपली होती. तिने सगळ्यांना चहा केला, नव्या कपांत. "हे मुद्दाम आणले," ती म्हणाली, "जुने सगळे टवके उडालेले. पाहुण्यांना द्यायची लाज वाटायची."

भावजींनी रेकॉर्डर टेबलावर मधोमध ठेवला आणि कालची दुपार लावली.

आपलाच आवाज परक्यासारखा ऐकणं ही एक शिक्षाच असते. तिला वाटलं, ही कोण बाई, एवढी दमलेली?

"पातेलं, माझं," रेकॉर्डर म्हणाला. "गॅस, माझा... कप, माझा... साखर, माझी." थोडा वेळ काही नाही. मग चमचा गोल गोल फिरल्याचा आवाज. "ढवळणं, माझं."

आणि मग, स्वच्छ, जवळून:

टिंग. टिंग. टिंग.

त्याला कोणी नाव दिलं नाही.

"खुर्ची, माझी," रेकॉर्डर शांतपणे म्हणाला. "पान, माझं."

लिफ्टवाला उभाच राहिला. भावजींनी थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. टिंग टिंग टिंग. "बिननावाचा!" ते कुजबुजले. "बाई, चार वर्षांत पहिला बिननावाचा!" बाईंचा पाय जमिनीवर होता, पण ब्रेक लागत नव्हता. त्यांनी वहीत लिहिलं: ३.४६, तीन, नाव नाही.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मी तिथे होते, तिला वाटलं. दोन हातांवर. त्या आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, हाक मारली, आणि मी कुणाच्या तरी अनुस्वारात डोकं घालून बसले होते. सात महिने ती ज्या एका गोष्टीची माफी मागायला जागा शोधत होती, ती जागा या स्वयंपाकघरातच होती, रोज पावणेचारला, आणि तिला पत्ताच नव्हता. तिचे डोळे भरून आले. सगळी थट्टा कुठल्या कुठे गेली. आई, वाजवा, ती मनात म्हणाली. सगळे कप फोडा.

"वहिनी," लिफ्टवाला हळू आवाजात म्हणाला. तो खाली बसला होता आणि रिकामा कप उजेडात धरून फिरवत होता. "याला टवका आहे."

"आमच्याकडे सगळ्यांना आहेत." ती डोळे पुसत, जरा अभिमानानेच म्हणाली. "सासूबाई चमचा आपटायच्या. कानाच्या उजवीकडे, बघा."

"हो. कानाच्या उजवीकडेच आहे." त्याने दुसरा कप उचलला. तिसरा. "पण हे कप नवे, म्हणालात."

"नवेच आहेत. चार महिने झाले असतील."

"आणि त्यांना जाऊन?"

"सात," ती म्हणाली.

फ्रिज घुरघुरून सुरू झाला. त्याला कोणी नाव दिलं नाही.

तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि पहिली दोन बोटं जरा जवळ आली होती, चमचा धरल्यासारखी. लेखकाला स्वतःच्या मजकुरातली चूक दिसत नाही, म्हणून तर मुद्रितशोधक लागतो. हे ती छापखान्याच्या नव्या पोरींना किती ऐटीत सांगायची! नळ माझा, साखर माझी, ढवळणं माझं. आणि ज्या टिचक्यांना सहा वर्षं नावं ठेवली, त्यांना नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्या आपल्या आहेत हेच तिला कळलं नव्हतं. रविवारी आवाज का नाही? रविवारी घर भरलेलं असतं. रविवारी तिचा तो तास नसतो.

"दहावं भूत," लिफ्टवाला कप खाली ठेवत म्हणाला. इतकं दुःखी तोंड तिने मयतालाही पाहिलं नव्हतं.

भावजींनी खुर्ची पुढे ओढली. खुर्चीला नाव द्यायलाही ते विसरले. "वहिनी, ऐक. आपण 'अनिर्णित' लिहू. खोटं नाही ते. म्हणजे, अगदी खोटं नाही. बाबा इथेच राहतील."

"नाही," बाई म्हणाल्या. या वेळी ब्रेक कचकन लागला. "दुःखातल्या माणसाला खोटा दिलासा द्यायचा नाही. तुमच्याच नियमावलीत आहे, सहावा. आज बरं वाटेल. उद्या ते त्याच्याच भरवशावर जेवतील, झोपतील, आणि परवा त्यांना कळेल. तेव्हा तुम्ही कुठे असाल? दुसऱ्या घरी, दुसऱ्याचं भूत शोधत."

"पण बाई, आमचे वडील—"

"म्हणूनच." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, शिकाऊ माणसाला पहिल्यांदा एकट्याने वळण घ्यायला सांगताना बघतात तसं. "आम्ही काही सांगणार नाही. नववा नियम. ज्याचा आवाज, त्यानेच नाव द्यायचं."

मागच्या खोलीत बाबा जागे होते. भिंगरी त्यांच्या दंडावर डोकं ठेवून तोंड उघडं टाकून झोपली होती, आणि पोर उठू नये म्हणून त्यांनी हात हलवला नव्हता. नक्कीच मुंग्या आल्या असणार. ती पलंगाच्या कडेला बसली. वाक्य मनात तीनदा दुरुस्त केलं आणि शेवटी अगदी कच्चं बाहेर पडलं.

"बाबा, तो आवाज माझा आहे."

ते बघत राहिले.

"चहा ढवळून झाला की मी वाजवते. आईंसारखं. मला माहीतच नव्हतं. आज टेपवर ऐकलं. मुद्दाम नाही हो केलं, शपथ."

त्यांनी मान पूर्ण तिच्याकडे वळवली. एक डोळा धुरकट, एक लख्ख. तिला वाटलं, आपण या माणसाला आज दुसऱ्यांदा विधुर केलं.

"म्हणजे आवाज होत होता," ते म्हणाले.

"होत होता."

"तीनच?"

"तीनच."

"पावणेचारला."

"तीन शेहेचाळीसला."

"मग कान ठीक आहेत माझे," बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या धुरकट डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. तिने ते पदराने टिपलं नाही. ते पाणी त्यांचं होतं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, खूप हळू, "मीच त्यांना बंद करायला सांगितलं होतं, बाबा. शेवटी शेवटी."

"ठाऊक आहे. ती मला सांगायला आली होती. म्हणाली, सूनबाईचं बरोबर आहे, कप महाग झालेत." ते मध्येच हसले, पोट हललं, भिंगरीचं डोकं हललं. "जा, कप आण. वाजवून दाखव."

तिने कप आणला, चमचा आणला, आणि परीक्षेला बसल्यासारखं वाजवलं. टक. टक. टिक.

"हे नाही."

पुन्हा वाजवलं.

"हे तर दार ठोठावल्यासारखं. राहू दे. मुद्दाम शोधलं की स्टेशन लागत नाही. दुसऱ्याच नादात सुई फिरवत असलो की लागतं."

सहाला वन्सं आल्या. बाईंनी अहवाल उभं राहून वाचला. आवाज प्रत्यक्ष होतो. कारण नैसर्गिक आहे आणि घरातल्यांना ते समजलेलं आहे. तक्रारदाराची श्रवणशक्ती उत्तम असून मंडळाच्या यंत्राने नोंदवलेली वेळ त्यांनी आधीच एका मिनिटाच्या फरकाने सांगितली होती. भास नाही.

"म्हणजे आई नाहीये ना इथे? झालं तर मग!" वन्सं म्हणाल्या. "बाबा, तुमचं तुम्हीच म्हणाला होतात. बॅग भरू या."

"येतो की," बाबा म्हणाले. त्यांनी भांग पाडला होता. "तुझ्याकडे दुपारचा चहा कोण करतं?"

"कोण म्हणजे? मशीन आहे. बटण दाबलं की कप भरतो."

"चमचा?"

"लागतच नाही. साखर आपोआप विरघळते."

बाबांनी मोठा सुस्कारा सोडला. "मग नाही जमायचं गं मला. मी बोलावल्याशिवाय चहाला जात नाही."

वन्संनी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच तोंड त्यांचं उघडं होतं आणि उत्तर समोरून आलं होतं. त्या भावजींना बोलल्या, तिला बोलल्या, लिफ्टवाल्याला उगाचच "तुमचा वरचा दात काढून घ्या" असं बोलल्या, आणि शेवटी बाबांच्या शेजारी बसून, "दर रविवारी मात्र माझ्याकडे यायचं," म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज जरा चिरकला. त्यांचीही आई गेली होती. हे या सगळ्या धामधुमीत कुणी नोंदवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ठरवलं, लक्ष ठेवायचं. आपल्या हातावर नजर ठेवून चहा केला, आणि नेमका चमचा गपचूप बशीत गेला. तिसऱ्या दिवशीही तेच. कळलेल्या सवयीसारखी लाजाळू गोष्ट नाही. बाबा काही म्हणाले नाहीत. सवा चारला त्यांचा चहा ती आतच नेऊन देत होती, आणि केस विस्कटलेले होते.

चौथ्या दिवशी छापखान्याचा निरोप आला, चाळीस पानं संध्याकाळपर्यंत हवीत. तिने एका हाताने चहा ढवळत दुसऱ्या हाताने पान उलटलं. 'तात्काळ' सापडला. तिसऱ्यांदा. या लेखकाला कोणीतरी—

मागच्या खोलीत पलंग करकरला. मग बराच वेळ काही नाही. मग चपलांचा आवाज, सावकाश, भिंतीच्या कडेकडेने. बाबा दारात उभे होते. पांढऱ्या केसांत सरळ भांग, पाण्याने बसवलेला. ते आले, आपल्या खुर्चीत बसले आणि कपाची वाट बघू लागले, जशी काही मध्ये सात महिन्यांची सुट्टी पडलीच नव्हती.

त्यांच्या मागे, गालावर उशीची नक्षी घेऊन, भिंगरी आली. तिने टेबलावर हनुवटी टेकवली, कपाकडे पाहिलं, आईच्या हातातल्या, अजून काठालाच टेकलेल्या चमच्याकडे पाहिलं आणि मग आजोबांच्या भांगाकडे.

"तू नाव दिलंच नाहीस," ती म्हणाली.

"अं?"

"टिंग टिंग टिंग झालं ना आत्ता. नाव द्यायचं असतं." भिंगरी वाट बघत होती. आजोबाही. "आई, सांग ना. कुणाचा?"